टेमरची आई

माझी थोरली बहीण वर्डेला हिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. दाट धुक्यातही कधी रस्ता चुकली नाही. निवृत्त झाली आणि काउंटी कोर्टाच्या तळघरात, जुन्या नोंदींत पार भरकटली.

निमित्त आमच्या ऑगस्टमधल्या कुटुंबमेळाव्याचं. दोनशे माणसं एकसारखे टी-शर्ट घालून खाडीकाठी जमतात, खेकडे फोडतात आणि भांडतात. यंदा शर्टाच्या पाठीवर आपल्या सगळ्यात जुन्या आईचं नाव छापायचं, असं वर्डेलानं परस्पर ठरवून टाकलं. पिढीपिढीनं मागे जात आम्ही टेमरपर्यंत पोचलो होतो. टेमर गुलाम होती. तिची आई काही सापडेना.

१७६४ साली टेमरचा मालक मेला. मागे काय काय उरलं, त्याची यादी कोर्टात होती. पिसांची गादी, तांब्याची किटली, दोन गायी आणि मग माणसं. जुनो, वय तीस. टेमर, वय सात. हेगर, वय अठ्ठावीस.

"जुनोच्या खाली टेमर, म्हणजे जुनोची मुलगी. लिहून घे, ओडेसा."

मी लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी वाटणीचा कागद निघाला. मालकाच्या मुलाला जुनो. मुलीला हेगर आणि टेमर.

"खोड ते," वर्डेला म्हणाली. "हेगरच आई. आईबरोबरच गेली पोर."

"अगं, गेल्या मंगळवारी तूच तर..."

"गाडी कोण चालवतंय? तू की मी?"

माझं डोकं चक्रावलं. नोंदी सांभाळणारे विल्मर म्हणाले, "बाई, आई कोण ते त्यांनी लिहिलंच नाही. किंमत तेवढी लिहिली." मला त्या माणसाचा उगीचच राग आला.

वर्डेलाला हेगरच हवी होती. हेगर आई असेल, तर मायलेकी एकत्र राहिल्या. जुनो असेल, तर सात वर्षांच्या पोरीला आईपासून ओढून नेलं होतं. शर्ट छापणाऱ्याला तिनं हेगरचं नाव कळवूनही टाकलं.

तरी पुढच्या मंगळवारी ती निघालीच. "नुसती खात्री करते," म्हणाली. मालकाची ती मुलगी १७७५ मध्ये वारली, तिचीही यादी होती. हेगर, वय एकोणचाळीस. टेमर, वय अठरा. अंगावर पिणारं मूल आईबरोबरच मोजत, म्हणून त्याच ओळीत टेमरची चार महिन्यांची मुलगी. नाव जुनो.

"यानं काही सिद्ध होत नाही हं," विल्मर म्हणाले.

"नका करू सिद्ध. अकरा वर्षं पोरीला हेगरनं सांभाळलं, आणि बघा टेमरनं लेकीला नाव कुणाचं दिलं!"

तिनं तिथूनच छापणाऱ्याला फोन लावला. "हेगर राहू द्या. तिच्या वर जुनो लिहा."

"मग यातली आई कोण?" पलीकडून विचारलं.

"जुनो," म्हणता म्हणता वर्डेलाला रडू फुटलं.