साफ्रा म्हंजी ऊसतोड

त्या दिशी घरात आमी चौघी हुतो: मी, माझी सून, माझी नात आन् मोबाईलमदली मास्तरीण. मी सांगतीय, सून लिवतीय.

नात सावेडीच्या कॉलेजात जाती आन् घरी मोबाईलवर स्पेन देशाची भाषा शिकती. त्या दिशी एकच शब्द घोकत हुती, साफ्रा. मी जवारी पाखडत हुते.

"म्हंजी काय गं?"

"ऊसतोडीचा हंगाम, आज्जे."

माझं सूप थांबलं. बावीस हंगाम ऊस तोडलाय मी. नवराबायको मिळून एक कोयता धरायचे, माझं येगळं नाव कुटंच नव्हतं. ल्योक पाचटाच्या कोपीत जलमला. तिसऱ्या दिशी मी डोक्यावर मोळी घेतली. दर दिवाळीला मुकादम यायचा, गोड बोलायचा आन् आमाला तोडीला घिऊन जायचा.

मोबाईलमदली ही बाईबी मुकादमीनच, माझ्या मनानं घेतलं. न्हाईतर परक्या मुलखातली ऊसतोड पोरीला कशापायी शिकवती?

मी मोबाईल वढून घेतला. "बाई, तुमचा फड कुटं हाय?"

"आज्जे, मॅडम हायेत त्या!" नात वरडली.

"मुकादमबी सायेबच म्हनून घ्यायचा."

बाई हसली न्हाई. म्हनली, "आजी, मी पुण्यात राहते. उसाचा फड कधी पाहिला नाही."

"मंग हा शब्द कुटून आनला?"

"मूळ बहुतेक अरबी, सुगीचा शब्द. पोर्तुगीजांकडून स्पॅनिशमध्ये आला असावा. पक्कं कुणालाच माहीत नाही. ऊस तोडणं, साखर काढणं, तो हंगाम, सगळ्याला हेच म्हणतात."

"पक्कं ठावं न्हाई ते शिकवता व्हय?"

सून पदराआड हसली.

मंग बाईनं म्हनून दावलं. स्पेनात लई ठिकानी जीब दातात धरून 'थाफ्रा' म्हनत्यात. समुद्रापल्याड जितं उसाचं रान हाय, तितं 'साफ्रा'.

"तुमी कोनचं शिकवता?"

"साफ्रा."

म्हंजी उसाकडचंच! माझा संशय वाढला, गेला न्हाई.

आता नातीला त्या भाषेच्या पुढच्या वर्गाला पुन्याला जायचंय. त्याला दहावीची मार्कलिस्ट लागती. ती माझ्या पेटीत हाय, किल्ली माझ्या कमरंला. पोरगी भांडत न्हाई, नुसती घोकत ऱ्हाती.

वाचनाऱ्यात कुनाला ती भाषा येत असंल, तर मला खरं सांगा. ती शिकून तुमच्या हातात काय आलं, पेन का कोयता? तेवढं कळवा. मी पेटी उघडते.