देवाजीभाऊंची नडगी

हाडांच्या डॉक्टरकडे दोन गोष्टी न मागता साठतात: जुने एक्स-रे आणि संशय. ब्रह्मपुरीतल्या माझ्या ओपीडीत पेशंटचा माझ्यावर संशय, माझा पेशंटवर, आणि प्लास्टर घालणाऱ्या नामदेवभाऊंचा आम्हा दोघांवर!

देवाजीभाऊ मासेमार. दिवाळीनंतर नडगीचं हाड मोडून आले. त्यांना एकच घोर होता. उन्हाळ्यात गावतळ्याची मासेमारी होते, आणि जो स्वतः पाण्यात उतरेल त्यालाच वाटा, असा गावचा नियम. पुढच्या खेपेला आले तर प्लास्टरला विळ्याने पाडलेली खिडकी! गावचा हाड बसवणारा बांबूच्या कामट्या बांधतो आणि दर बाजाराच्या दिवशी सोडून बघतो म्हणे. "न पाहता भरोसा कसा ठेवाचा?" देवाजीभाऊंनी विचारलं. मी भडकलो. सारखं हलवलं तर हाड जुळणार कसं?

*

नामदेवभाऊंना मात्र नवल वाटलं नाही. पावसाळ्यात त्यांनी एकाच्या प्लास्टरच्या कडेतून धानाचं रोप उपटलं होतं. तो गडी शपथेवर सांगत होता, की मी पलंगावरून उतरलोच नाही!

*

पुढच्या एक्स-रेत देवाजीभाऊंची भेग तशीच दिसली. मी समजावलं, की नवं हाड आधी मऊ असतं, फोटोत येत नाही, पण आत ते धरायला लागलंय.

"दिसत नाई पन हाय, असं तं भुताबद्दल सांगतेत, डॉक्टर."

*

मग प्लास्टर बदलताना नडगीवर टेंगूळ हाताला लागलं. त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना वाटलं, मी आत काहीतरी विसरलो. म्हटलं, शरीर आधी जास्तीचं हाड लावतं, नंतर हळूहळू छाटतं. देवाजीभाऊंनी विचारलं, "मंग आदीच मापात काऊन नाई लावत?"

*

प्लास्टर निघालं, तरी देवाजीभाऊ पाय टेकवेनात. भार पडल्याशिवाय हाड पक्कं होत नाही, हे सांगून माझा घसा बसला. मासेमारी तोंडावर आलेली, कौसाबाई रडकुंडीला आलेल्या. शेवटी मीच देवाजीभाऊंना दंडाला धरून उभं केलं.

"चाला आता. हाड जुळलंय, माझी खात्री आहे."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"खात्री हाय, तं मले एवढं घट्ट काऊन धरून राह्यले?"

मी हात सोडला.