देवळाली नावाची दोन गावं आणि माझं प्रोबेशन

बुधवारी सकाळी सुप्याच्या गोडाऊनमधून निघालेली नाशिकची गाडी मी गेटवर अडवली. तेही स्वतः प्रोबेशनवर असताना! तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... दीड महिन्यापूर्वी मला सुपा एमआयडीसीतल्या एका कुरिअर गोडाऊनमध्ये लोडिंगचं काम मिळालं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी! पार्सल स्कॅन करायचं आणि मशीनवर ज्या गावाचं नाव येईल त्या गाडीत नीट रचायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी एका नाजूक खोक्यावर मिक्सरचं खोकं ठेवलं. आतल्या काचेच्या दिव्याचा पार चुरा झाला. पुढच्या आठवड्यात जामखेडचं पार्सल पारनेरच्या गाडीत गेलं... आणि जामखेड तर माझं माहेर!

आमचे टीम लीडर कदम सर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "ताई, पहिले तीन महिने आम्ही सगळं बघत असतो बरं का." त्या 'बघत असतो'नं माझी झोप उडाली. भाकरी थापताना, मुलीची वेणी घालताना, डोक्यात एकच... ते शेवटचं खोकं बरोबर गाडीत गेलं ना?

तर बुधवारी नाशिकची गाडी भरत होते. एक छोटंसं, हलकं खोकं हातात आलं. स्कॅन केलं, मशीननं नाशिक दाखवलं, मी ठेवून दिलं. वर आणखी वीस-पंचवीस पार्सलं रचली, दार लागलं, गाडी हलली... आणि अचानक त्या खोक्यावरचा पत्ता डोळ्यांसमोर आला. 'देवळाली प्रवरा' असं काहीतरी होतं का त्यावर?

आता देवळाली दोन आहेत. एक नाशिकजवळची आणि दुसरी आपल्या राहुरी तालुक्यातली, देवळाली प्रवरा. तिथं माझी मावशी असते, लहानपणीच्या कितीतरी सुट्ट्या मी तिथल्या उसात हुंदडून काढल्यात. म्हणून ते नाव डोळ्यांत अडकलं असावं.

खरं सांगू? गप्प बसले असते तर कुणी मला बोललं नसतं. मशीननंच नाशिक सांगितलं होतं. पण गाडी थांबवली आणि आत तसं काहीच निघालं नाही तर... दीड महिन्यात तिसरी चूक, वर गाडीला उशीर. तेवढ्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात नोकरी गमावून घरीसुद्धा जाऊन आले.

आणि तरी पळाले. गेटपर्यंत, हात हलवत, ओढणी सांभाळत!

ड्रायव्हर भाऊसाहेब आमच्याकडचे सगळ्यांत जुने. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "ओ ताई, आता काय इसरलं? नाशिक काय जवळ हाय व्हय?" मी धापा टाकत सांगितलं. ते पुटपुटले, "ह्या नव्या मानसांचं लई अवघड हाय..." पण गाडी रिव्हर्स घेतली.

कदम सर आले. एकेक पार्सल खाली उतरायला लागलं. एक छोटं खोकं निघालं, मी झडप घातली... पत्ता 'देवळाली कॅम्प, नाशिक'. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"सर, अजून थोडी बघू?" माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल. सर म्हणाले, "बघा."

आणि त्यानंतर चार-पाच खोक्यांनी ते निघालं! 'देवळाली प्रवरा, ता. राहुरी' स्वच्छ अक्षरात, आणि खाली पिनकोड मात्र नाशिकचा. पाठवणाऱ्यानं चुकीचा टाकलेला. मशीन बिचारं पिनकोडच वाचतं.

सरांनी खोक्यावरच्या नंबरवर तिथंच फोन लावला, स्पीकरवर. एक बाई बोलल्या, "अहो दादा, आमच्या सासऱ्यांचं कानाचं मशीन हाय ते! दोनदा नाशिकला जाऊन माघारी गेलं. त्यांना काय बी ऐकू येत न्हाई हो." मग त्या घरात जोरात ओरडल्या, "आण्णा, तुमचं मशीन सापडलं!"

मागून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "लगीन? कुणाचं लगीन?"

गाड्या भरतो तो अख्खा डॉक हसला. भाऊसाहेब तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते... आणि मी हसता हसता रडायला लागले.

ते खोकं मी स्वतः राहुरीच्या गाडीत ठेवलं, अगदी दाराजवळ. कदम सर जाता जाता म्हणाले, "ताई, शंका आली की अशीच गाडी थांबवत जा. मी आहे." दुसऱ्या दिवशी डॉकवर सगळ्यांना सूचना मिळाली, देवळालीचं पार्सल आलं की पत्ता पूर्ण वाचायचा.

शुक्रवारी सरांच्या फोनवर देवळालीहून फोन आला, गाडी थांबवणाऱ्या ताईंना द्या म्हणून. मी नेहमीच्या सवयीनं जोरात "हॅलो" म्हणाले. पलीकडून आण्णा म्हणाले, "हळू बोला ताई... मला ऐकू येतंय."

प्रोबेशनचा निम्मा काळ अजून बाकी आहे आणि भीती पळालीय असंही नाही. पण सोमवारी कामावर जायची मला घाई झालीय, हे मात्र पहिल्यांदाच! आणि भाऊसाहेब, तुम्ही फेसबुकवर नाही हे माहीत आहे, तरी लिहिते... पुटपुटत का होईना, गाडी मागं घेतलीत. थँक यू.