म्होरक्याच्या गळ्यातला फोन

मी वाट चुकणारी बाई आहे. शिरड शहापूरच्या अलीकडं ज्या गावात मी वाढले तिथं चुकायला वाटाच नव्हत्या. एक औंढ्याला जायची, एक वसमतला आणि एक रानात. नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीत आले आणि पहिल्याच महिन्यात चार वेळा भलतीकडं जाऊन बसले. एकदा बसमध्ये डोळा लागला आणि जाग आली तेव्हा मी डेपोत. एकदा तिकीट काढलं, पण त्याच्यावर शिक्का मारायचं मशीन वेगळं असतंय हे मला कोण सांगणार? तपासणाऱ्यानं दंड ठोकला. त्या मेल्याच्या नावानं मी आठवडाभर बोटं मोडली.

मी काम करते ते म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं घर आहे. तिथं माझ्यासोबत केरळची एक बाई आहे, माझ्या कितीतरी आधी आलेली. तिनं एक दिवस मला समोर बसवलं आणि फोन हातातून काढूनच घेतला. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेव, नेट गेलं तरी चालतो. उतरायच्या स्टेशनच्या पाटीचा फोटो काढून ठेव, नाव बोलता आलं नाही तरी दाखवता येतं. आणि तू कुठं आहेस ते मला दिसू दे, म्हणजे हरवलीस तर शोधता येईल. असं म्हणून तिनं काहीतरी दाबलं आणि तिच्या नकाशात माझा फोटो एका छोट्या गोल चकतीत फिरायला लागला.

मला एकदम आबा आठवले. म्हटलं, हे तर आबांच्या फोनवर पाहिजे.

आबा म्हणजे माझे वडील. मी त्यांची एकुलती एक लेक. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. सकाळी निघायचे ते दिवस मावळता घरी. रानात एकटेच. मागच्या साली चक्कर येऊन पडले होते, आणि आईनं मला ते दोन महिन्यांनी सांगितलं, तेही बोलता बोलता तोंडून निसटलं म्हणून. मी दोघांना फोनवरच फैलावर घेतलं. परदेशात राहणाऱ्याला घरचे सगळं बरंच सांगतात. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा आबांच्या फोनवर ती चकती चालू करून दिली. अक्षरं मोठी केली, नको ते सगळं बंद केलं म्हणजे चार्जिंग दिवसभर पुरंल, आणि बजावलं, ‘‘आबा, फोन जवळ ठेवायचा. घरी ठिवून जायचा न्हाई.’’

‘‘काहून? माझ्यावर पाळत ठिवतीस का?’’

‘‘व्हय, ठिवते.’’

झालं. आठ दिवसांत फोन ओढ्यात पडला. वाळवला, चालू झाला. मग एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर राहिला. बंडीच्या खिशात काही म्हणता काही टिकायचं नाही. मी इकडून चिडचिड करायची. एक दिवस शेजाऱ्यांनी पाठवलेल्या फोटोत बघते तर आईनं जुन्या रेक्झिनची पिशवी शिवलेली आणि आबांनी ती पुढच्या मेंढ्याच्या, म्होरक्याच्या, गळ्यात घंटीशेजारी बांधलेली!

‘‘आबा, अवो, मला तुमी दिसायला पायजेत. मेंढा न्हाई!’’

‘‘अगं येडे, मी मेंढरं सोडून कुठं जातो? जिथं म्होरक्या तिथं मी. बराबर दिसंल तुला.’’

खरंच होतं ते. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हासुद्धा हा माणूस मधेच उठून मेंढरांकडं गेला होता. मी हसले आणि हरले.

तेव्हापासून माझा दिवस आबांच्या चकतीनं सुरू व्हायचा. फोटोत डोक्याला रुमाल, मिशी, आणि मी फोटो काढून राहिले म्हणून आलेला राग. इकडं मी सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळ घालून चहाला बसायची तेव्हा तिकडं दुपार झालेली असायची आणि तो रागीट चेहरा ओढ्याकाठच्या बाभळीपाशी थांबलेला असायचा. तिथं आबा भाकर खाऊन जरा आडवे व्हायचे. माझी ड्यूटी संपून मी गाडीत बसायची तेव्हा चेहरा गावाकडं सरकायचा. मी फोन केला की म्होरक्याच्या गळ्यात रिंग वाजायची. आबांनी त्याला अशी सवय लावली होती की रिंग वाजली की तो गप उभा राहायचा. मग आबा जाऊन फोन काढायचे आणि पहिलं विचारायचे, ‘‘आज कुठं चुकलीस?’’ चुकलेली असले तर सांगायचे, ‘‘पळू नको. चुकलेलं मेंढरू उभं ऱ्हायलं तर सापडतंय. हाय तिथंच उभी ऱ्हा.’’

त्या दिवशी चहाच्या वेळी चेहरा बाभळीपाशी होता. नंतर एका आजीचं औषध देताना पाहिलं, तरी तिथंच होता. मला बरंच वाटलं. म्हटलं, ऊन असंल, निजू दे म्हाताऱ्याला.

दुपारी घरी निघाले. इकडं काही गाड्यांचे वाटेत दोन तुकडे होतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. मी बरोबर गाडीत आणि चुकीच्या डब्यात. कळलं तोवर गाडी कुठल्या कुठं निघून आलेली. एका ओसाड स्टेशनवर उतरले, कपाळावर हात मारला आणि नेहमीसारखा आबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. नकाशा उघडून बघते तर आबांची चकती आमच्या घरावर. म्हटलं, चला, बाप तरी वेळेवर घरी पोचला. हातपाय धूत असतील. आणि मी तिथंच बाकड्यापाशी निवांत उभ्या मेंढरासारखी थांबले.

पुढच्या गाडीची वाट बघून राहिले होते तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवरून आईचा फोन आला.

‘‘तुझे आबा आले न्हाईत गं अजून.’’

‘‘आले की. घरीच हायेत.’’

‘‘मेंढरं आली. मागं कुणीच न्हाई.’’

‘‘आई, असं कसं? मला दिसून राहिलं ना. गोठ्यात बघ, न्हाणीत बघ. घरीच हायेत ते.’’

मी तिच्याशी हुज्जत घालत होते. घरातल्या बाईला मी हजारो कोसांवरून सांगत होते की तुझा नवरा घरात आहे. ती हळूच म्हणाली, ‘‘फोन म्होरक्याच्या गळ्यात हाय, बाई.’’

मी बाकड्यावर बसले. मग ओरडलेच, ‘‘बाभळीखाली बघा! ओढ्याकाठच्या! तिथंच लई येळ थांबले व्हते!’’

माणसं पळाली. आबा तिथंच सापडले. भाकरीचं फडकं सोडलेलंसुद्धा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेले असतील, छातीत कळ येऊन. मी नर्स आहे, आणखी चार गोष्टी विचारता आल्या असत्या. नाही विचारल्या. माझ्यात ती हिंमत नव्हती.

आबांच्या मातीला पोचले नाही मी. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं, आणि गावात पोचले तेव्हा बॅगसुद्धा कुठल्या तरी तिसऱ्याच देशात राहिलेली. अंगावरच्या कपड्यांवर आईपुढं उभी राहिले. तिनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग विचारलं, ‘‘तुला तर तिकडं दिसत व्हतं न्हवं गं?’’

रागानं नाही विचारलं. खरंच तिला समजत नव्हतं. मी म्हणाले, ‘‘मेंढरं दिसत व्हती, आई.’’ आणि दोघी गळ्यात पडून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी बाभळीखाली जाऊन आले. झाडाभोवती लेंड्यांचा थर पडलेला, आणि दोन पावलांवरचं हिरवं गवत तसंच. तोंडसुद्धा लावलेलं नव्हतं. त्या दिवशी मेंढरं चरलीच नव्हती. माणूस उठंल म्हणून त्याच्याभोवती उभी होती. तहान अनावर झाली तेव्हा सवयीनं घरी आली असतील. मी चहा पीत पाहत होते तो थांबलेला चेहरा म्हणजे हे होतं.

मेंढरं आता चुलत्याकडं आहेत. निघताना मी आईला फोन शिकवला. हिरवं दाबलं की उचलतो, लाल दाबलं की बंद. चार्जिंगची पिन उलटी बसत नाही, जोर लावायचा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्होरक्याची ती रेक्झिनची पिशवी धुऊन, नवा बंद लावून स्वतःच्या गळ्यात घातली.

मी परत आले. चकती आता दिवसभर घरावरच असते. त्यावर अजून आबांचाच रागीट फोटो आहे. कसा बदलायचा ते मला येतं, पण हात होत नाही. रोज चहाच्या वेळी मी फोन लावते. आई उचलते आणि म्हणते, ‘‘कशाला रोज रोज पैसे घालवतीस? म्या गळ्यातच घातलाय. दिसून राहिलं ना तुला?’’

‘‘दिसून राहिलं.’’

‘‘मंग?’’

‘‘तरी तू बोल, आई. बोलत ऱ्हा.’’