कार्डाची मागची बाजू

आमच्या विभागात त्यांना सगळे खात्रीबाई म्हणायचे. अर्थात माघारी. तोंडावर नुसतं 'बाई'. आरोग्य खात्याच्या माहिती विभागात त्या तपासनीस होत्या आणि 'खात्री केलीस का?' हे त्यांचं पालुपद होतं. डबा खाताना कुणी सहज म्हणालं, आज फार उकडतंय, तरी बाई उठून भिंतीवरच्या तापमापकात बघून यायच्या. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण त्या खोलीत सगळ्यात शहाणा मीच, असं माझं ठाम मत होतं.

कुठलाही कागद हातात आला की बाई तो उलटून बघायच्या. बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, बिस्किटाचा पुडा, काहीही. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. एकदा तर अर्ध्या वाटेवरून परत आल्या, स्कॅनरचं बटण बंद केलंय का ते बघायला. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणे, 'माझी सगळी घड्याळं मिळून जेवढी टिकटिक करत नाहीत तेवढी ही एकटी करते.' भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशातली गत.

या भीतीचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी त्या एका इस्पितळात टायपिस्ट होत्या. वॉर्डाच्या यादीत दोन खाटांचे आकडे उलटसुलट पडले. औषध द्यायच्या आधीच एका नर्सच्या ध्यानात आलं. 'काही झालं नाही रे,' बाई म्हणाल्या, 'पण झालं असतं. ते “असतं” अजून माझ्या पोटातून जात नाही.' मी मान हलवली आणि चहा प्यायलो. मला तेव्हा काहीही कळलं नव्हतं.

काम असं होतं. चाळीस हजार रुग्णांची जुनी कार्डं संगणकात घालायची. शंभर शंभर कार्डांची चारशे खोकी. मी स्कॅनरवर कार्डांची चित्रं काढायची, शेजारच्या दोघी मुलींनी चित्र बघून टाइप करायचं, आणि बाईंनी चित्र व टाइप ताडून 'तपासले' अशी खूण करायची. कार्डाच्या पुढच्या बाजूला नाव, वय, आजार. मागच्या बाजूला, डॉक्टरनं लाल शाईत लिहिलेलं, कुठलं औषध या माणसाला चालत नाही. बहुतेकांची मागची बाजू कोरीच असायची, आणि कोऱ्या बाजूचं चित्र स्कॅनर आपोआप गाळायचा.

आता माझं पाप सांगतो. बायकोचे दिवस भरत आले होते, तब्येत नाजूक होती, तिला इस्पितळात ठेवलं होतं. मला रोज चारला निघायचं असायचं. आणि स्कॅनर दोन्ही बाजू घेताना दर दहाव्या कार्डाला अडकायचा. एके दिवशी वैतागून मी त्याला एका बाजूवर लावला. काय सुसाट सुटला! तीन दिवसांत वीस खोकी झाली, एकेचाळीस ते साठ. मागं काही नसतंच, असं मनाला सांगितलं. मग मुलगी झाली, पेढे वाटले, आणि 'नंतर करू' म्हणून ठेवलेलं काम नंतरच राहिलं. टाइपिंगच्या मुलींपुढं तर रकाना होता: औषध चालत नाही, हो की नाही? तो रिकामा सोडता यायचा नाही. चित्रात काही दिसेना, म्हणून त्या 'नाही' दाबत गेल्या. बाईंनी ताडलं. चित्रात काही नाही, टाइपमध्येही नाही. बरोबर.

वर्षभरानं विभागाचं नाव उत्कृष्ट माहिती व्यवस्थापनाच्या पुरस्कारासाठी गेलं आणि चक्क निवडलं गेलं. साहेबांचे पाय जमिनीला टेकेनात. शंभर टक्के कार्डं तपासलेली, दुसऱ्या कुठल्याच विभागाला जमलं नव्हतं. समारंभ शुक्रवारी सकाळी दहाला, आमच्याच इमारतीच्या सभागृहात. त्याच दिवशी नऊपासून सगळ्या इस्पितळांनी कार्डं मागायचं बंद करून फक्त पडद्यावर बघायचं. गोदामातली कार्डं संध्याकाळी रद्दीच्या ट्रकात जायची. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुरस्काराच्या यादीत ज्याचं नाव, त्याची कायम होण्याची फाइल पुढं. माझं नाव होतं. सात वर्षं कंत्राटी काढलेल्या माणसाला याचा अर्थ काय ते दुसऱ्या कंत्राट्यालाच कळेल.

गुरुवारी दुपारी साहेबांनी बाईंना भाषणासाठी एक तक्ता काढायला सांगितला. कुठल्या खोक्यात किती जणांना औषध चालत नाही, असा. अर्ध्या तासानं बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

'प्रत्येक खोक्यात तीन-चार माणसं आहेत,' त्या हळू आवाजात म्हणाल्या. 'एकेचाळीस ते साठमध्ये एकही नाही. दोन हजार माणसांत एकही नाही रे. असं कसं होईल?'

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

'ती खोकी तूच केलीस ना? दोन्ही बाजू घेतल्यास?'

'घेतल्या की,' मी म्हणालो. 'निरोगी वस्ती असेल एखादी.'

'खात्री आहे?'

'शंभर टक्के.'

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मी पडद्याकडं बघत राहिलो. मग त्या साहेबांकडं गेल्या. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. 'बाई, उद्याचा दिवस जाऊ द्या. सोमवारी बघू. आयत्या वेळी मोडता घालू नका,' साहेब म्हणाले. बाई परत आल्या, कपाटाला कुलूप लावलं, तीनदा ओढलं आणि घरी गेल्या. मला वाटलं, सुटलो.

शुक्रवारी सभागृहात मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. शेजारची खुर्ची बाईंची, रिकामी. दहाला दहा कमी होते. व्यासपीठामागं भलामोठा पडदा, त्यावर आमचा आकडा हिरव्या अक्षरांत: १००. तो थेट आमच्या संगणकावरून येत होता. ही साहेबांचीच हौस. पाहुणे स्थानापन्न झाले. साहेब माइकपाशी गेले, खाकरले, आणि त्यांच्या पाठीमागचा आकडा बदलला.

९५.

लोकांत कुजबुज सुरू झाली. साहेब वळून बघतात तो काय! त्यांच्या हातातला कागद खाली पडला. काय झालं ते त्या सभागृहात मला एकट्याला कळलं. एखाद्या खोक्याची 'तपासले' ही खूण काढून घ्यायचा अधिकार फक्त तपासनिसाला होता. चारशेतली वीस खोकी म्हणजे बरोबर पाच टक्के. खूण निघाली की इस्पितळाच्या पडद्यावर त्या माणसापुढं तांबडी ओळ येते: माहिती खात्रीची नाही, कार्ड मागवा.

मी उठलो आणि पळत जिना उतरलो. चोर पळतो तसा पळालो, पण पळालो आमच्याच खोलीकडं.

बाई संगणकापुढं उभ्याच होत्या. साडीला गोदामातली धूळ. आठ वाजल्यापासून त्या गोदामाच्या दाराशी बसल्या होत्या, किल्लीवाला साडेनऊला उगवला. खोकं एकेचाळीसमधलं अकरावं कार्ड उलटलं तर लाल शाई. तिथून त्या धावतच आल्या होत्या. साठीला टेकलेली बाई.

'नऊपासून खूण काढेपर्यंत पन्नास मिनिटं गेली,' त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. 'तेवढ्यात या खोक्यांतली सात माणसं इस्पितळांनी उघडून बघितलीत. ही यादी. चल.'

मी गुरुवारी खरं बोललो असतो तर ही पन्नास मिनिटं आलीच नसती. हे त्या बोलल्या नाहीत. माझं मला कळत होतं.

गोदामात आम्ही दोघं जमिनीवर बसलो. मी खोकं ओढायचो, त्या कार्ड शोधायच्या आणि उलटायच्या. पहिलं कोरं. दुसरं कोरं. तिसरं सापडेचना, क्रम चुकलेला होता, सगळं खोकं उपसलं. कोरं. माझ्या हातांना इतका घाम सुटला होता की कार्डं चिकटत होती. नको तेव्हा मला माझी मुलगी आठवत होती. चौथं कोरं, पाचवं कोरं.

सहावं बाईंनी उलटलं. त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. लाल शाईत, खाली दोन रेघा ओढून: पेनिसिलिन देऊ नये. जिवाला धोका. पुढच्या बाजूला नाव एका बाईचं, वय चौतीस.

फोन मी लावला, बोलल्या बाई. आधी कुणी उचलेना. मग कुणीतरी उचलला आणि 'थांबा' म्हणून ठेवून दिला. पलीकडं खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, सगळं ऐकू येत होतं. बाई डोळे मिटून उभ्या. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं काही पाळलेलं नाही.

'हो, ती बाई पायाला सूज म्हणून आलीय,' शेवटी एका नर्सचा आवाज आला. 'लहानपणी इंजेक्शननं काहीतरी झालं होतं म्हणत होती. पण मघाशी पडद्यावर त्या रकान्यात “नाही” होतं, म्हणून मी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलंय. आता देणारच होते.'

'देऊ नका,' बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. 'फेकून द्या ते. आधी फेका, मग माझ्याशी बोला.'

नर्सनं फेकल्याचं सांगितलं. बाईंनी तिच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. मग त्या खोक्यावर मटकन बसल्या, आणि लगेच उठल्या. 'सातवं राहिलं,' म्हणाल्या. सातवं कोरं निघालं.

पुरस्कार अर्थातच गेला. चौकशी बसली. खुलासा मागितला तेव्हा बाईंनी लिहून दिलं: तपासणीत माझ्याकडून राहून गेले. मी खाली मान घालून बसलो होतो. आता बोलेन, आता बोलेन, असं करत बैठक संपली. त्यांच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. निष्काळजीपणाचा! खात्रीबाईंच्या! पाच महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. त्यांचा निरोप समारंभ झाला नाही.

मी ती वीस खोकी पुन्हा केली, दोन्ही बाजूंनी. पुढं मी कायम झालो. तीन वर्षांनी आमच्या विभागाला तोच पुरस्कार मिळाला आणि या खेपेला पडद्यावरचा आकडा हलला नाही. प्रमाणपत्र घ्यायला साहेबांनी मलाच पाठवलं. टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या कानात त्या नर्सचा आवाज येत होता, आता देणारच होते.

ते प्रमाणपत्र घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतभर घड्याळं. त्यांनी चष्मा लावला, पुढची बाजू वाचली, 'छान झालं' म्हणाल्या आणि सवयीनं कागद उलटला.

मागं मी लाल शाईत लिहिलं होतं: एकेचाळीस ते साठ मी एकाच बाजूनं केली. विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'मला माहीत होतं,' त्या म्हणाल्या. 'कुठलं चित्र कुणी, कधी, कसं काढलं ते मशीन लिहून ठेवतं. त्या शुक्रवारीच दुपारी बघितलं.'

'मग बोलला का नाहीत?'

'मुलगी लहान होती तुझी. म्हटलं, आठ दिवसांत येशील. मग म्हटलं, महिन्याभरात येशील.' त्यांनी चष्मा काढला. 'तीन वर्षं वाट बघितली रे. फार राग यायचा मला तुझा.'

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. कागद माझ्या हातात परत दिला.

'हे मला दाखवून काय उपयोग? माझ्या पुस्तकात तो शेरा अजून आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना दाखव.'

'नोकरी जाईल, बाई.'

'जाईल की,' त्या म्हणाल्या. 'भीती मला नवी नाही. आता तुझी पाळी.'

आज सकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीची वेणी घालत राहिली. आता साडेदहा वाजलेत. तो शेरा लिहिणाऱ्या मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर मी बाकावर बसलोय, कागद मांडीवर पालथा ठेवून, लाल शाई वर.  शिपायानं दोनदा विचारलं, काम काय आहे. आत्ता तो दार उघडून माझं नाव घेतोय.