तारीख नसलेला राजीनामा

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. चाकणच्या आमच्या कारखान्यात माणूस कामावर घेतानाच मी त्याच्याकडून तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेतो.

त्यातलाच एक बीडकडचा वेल्डर. ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर सही करायचा नाही. मी म्हणालो, "अहो, बस सुटेल," म्हणून राजीनाम्याच्या त्या एकाच कागदावर त्यानं न वाचता सही केली. गेल्या वर्षी ऑर्डरी घटल्या, त्याला काढलं, आणि मी त्यावर तारीख घातली. नोकरी स्वतःहून सोडली म्हणून त्याचा सरकारी बेकारी भत्ता नाकारला गेला.

परवा तो गेटसमोर सरकारला द्यायचा सह्यांचा अर्ज घेऊन उभा होता, भत्ता वाढवा म्हणून. वॉचमननं हटकलं तर म्हणाला, "रस्ता सरकारचा हाय, भावा." मग मला बोट धरून सगळा अर्ज वाचून दाखवला.

"निम्मा पगार, तेबी तीनच महिने! लेकरं काय निम्मं जेवतेत का, साहेब? मला न्हाई मिळाला, पण मागून येणाऱ्यांसाठी भांडणार. करा सही, उद्या तुमच्यावर बी येईल."

मी सही केली.

त्याला आम्ही काढलं, हे मात्र मी अजून लेखी दिलेलं नाही. तेवढं मी त्याला देणं लागतो.