तिसरं मूल

दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर वॉर्डाची निवडणूक लढवता येणार नाही, असा कायदा आमच्याकडे होता. लोकांनी शहाणं व्हावं, हा त्यामागचा हेतू. माझ्या थोरल्या भावाला निवडणूक लढवायची होती आणि नेमकी तेव्हाच वहिनीला तिसरी मुलगी झाली. आम्हाला मूल नव्हतं. जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून आम्हा नवराबायकोची नावं लागली. कायद्यामुळे लोकसंख्या घटली नाही. एक मूल शहराच्या एका टोकाहून, भावाच्या कुकटपल्लीहून, दुसऱ्या टोकाला आमच्या दिलसुखनगरला आलं, इतकंच. पोस्टरवर दोन मुलांसह हात जोडून उभा राहिलेला भाऊ निवडणुकीत सपशेल पडला.

वहिनी दर रविवारी पोरीची वेणी घालायला यायची. पोरीला पुढे सगळं कळलं, तरी ती वहिनीला 'मोठी आई'च म्हणत राहिली.

परवा भाऊ-वहिनी आमच्याकडे आले असताना टीव्हीवर बातमी आली की ती अट रद्द झाली. लोकांनी मुलं जास्त जन्माला घालावीत, असं आता पुढाऱ्यांना वाटू लागलंय. भाऊ म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे!"

वहिनीने पोरीकडे पाहिलं. "आता मला आई म्हणालीस तरी चालेल गं."

स्वयंपाकघरात माझ्या बायकोने लावलेला मिक्सर थांबला.

पोरगी कॉलेजला निघाली होती. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "नक्को मोठी आई, आता सवय नाही ना."

वहिनी मान हलवून हसली. आत मिक्सर पुन्हा सुरू झाला.